एमएनडीचं (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार) निदान डॉक्टरांनी मला आणि मुलाला सांगितलं, पेशंटला नाही. आता?

पासबुक:

नमस्कार. एरवी मी या विभागात फक्त वाचते. या वेळी विचारायचंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे यजमान ५७ वर्षांचे. भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत, सगळी नोकरी जिग आणि डाय बनवण्यात गेली. मागच्या पावसाळ्यात मायक्रोमीटर फिरवताना उजवा अंगठा साथ देईना. मग शर्टाचं वरचं बटण लागेना. मग स्कूटरची किल्ली डाव्या हाताने फिरवायला लागले, ते मी बघितलं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढला, मणक्यांत थोडी झीज निघाली (या वयात कुणाची नसते?), म्हणून गळ्याला पट्टा आणि शेक. दिवाळीचे सगळे फोटो त्या पट्ट्यातले आहेत. शेवटी फिजिओथेरपीच्या मुलीनेच अंगठा आणि तर्जनीच्या मधला खळगा बघितला आणि म्हणाली, काकू, हे मानेचं वाटत नाही, न्यूरोला दाखवा. तिचे उपकार.

न्यूरोच्या डॉक्टरांनी ईएमजी करायला सांगितलं. स्नायूत बारीक सुई घालतात आणि मशीनमधून खरखर ऐकू येते. हे टेबलावर पडूनच म्हणाले, "बेअरिंग गेलं की असाच आवाज येतो." सुई टोचणाऱ्या डॉक्टरबाई हसल्या.

रिपोर्ट दाखवायला गेलो त्या दिवशी ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती. आत गेल्यावर डॉक्टरांनी हातोडीने गुडघे-कोपर तपासले, जीभ बाहेर काढायला लावली, मांडीवर टॉर्च मारून स्नायू फडफडतात का ते बघितलं. तपासणी अगदी मन लावून केली, हे सांगायलाच हवं. मग असिस्टंटला म्हणाले, यांचं वजन करून आण. वजन आधीच झालं होतं, फाइलवर लिहिलेलं होतं! हे बाहेर गेले आणि डॉक्टर मुलाकडे बघून इंग्रजीत म्हणाले की हा मोटर न्यूरॉन डिसीज आहे, यावर औषध नाही, दोन-तीन वर्षं धरा, पेशंटला सांगायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बी.कॉम. आहे, पोस्टाची आरडी एजंट म्हणून निम्म्या कर्वेनगरचे हिशेब बघते. इंग्रजी कळतं मला. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला आणि तो त्यांनी घेतला.

हे आत आले. म्हणाले, एकसष्ट किलो, काय म्हणाले डॉक्टर? डॉक्टर म्हणाले, नसांचा विकार आहे, गोळ्या लिहून देतो.

आता अडचण अशी की आमचा माणूस औषधाच्या डबीतला कागद वाचणारा आहे. ड्रॉइंग वाचल्याशिवाय मशीनला हात न लावण्याची सवय. मुलाने रिल्युझोलच्या डबीतला कागद आधीच काढून ठेवला. पहिल्याच रात्री यांनी विचारलं, "यातला कागद कुठे गेला?" मुलगा म्हणाला, नव्हताच. त्यावर हे काही बोलले नाहीत.

दीर म्हणतात, अजिबात कळू देऊ नका, तो खचेल. मुलाला वाटतं, हिंजवडीहून घरी येऊन रोज खोटं बोलणं त्याला जमणार नाही. मला विचाराल तर मला डॉक्टरांचाच राग आहे, कारण जे त्यांनी सांगायचं ते आमच्या अंगावर टाकून ते मोकळे झाले. पुढची तारीख गुरुवारची आहे. परत जाऊन "तुम्हीच यांना सांगा" असं डॉक्टरांना म्हणता येतं का? ते म्हणायचं कसं? आणि असं सांगायची ही पद्धत असते का, की आमच्याच नशिबी आली? ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी लिहा. आयुर्वेद आणि पत्रिका यावरचे सल्ले नकोत, ते घरीच भरपूर मिळतायत.

शनिवारपेठी:

काकू, वाचून वाईट वाटलं. दोन गोष्टी. एक, एवढ्या मोठ्या निदानावर दुसरं मत घ्याच, दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं. फाइलच्या सगळ्या कागदांची झेरॉक्स मागून घ्या. लेखी अर्ज दिला तर ७२ तासांत द्यावे लागतात, मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. रिसेप्शनवर "असं देत नाही" म्हणाले तर हा नियम शांतपणे सांगायचा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

दोन, वजनकाटा ही जुनी युक्ती आहे. माझ्या वडिलांना पाण्याची बाटली आणायला पाठवलं होतं. ते बिचारे बाटली घेऊन आले आणि म्हणाले, थंड नव्हती म्हणून दोन दुकानं फिरलो.

नंतर कधीतरी दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार येतात. आत्ता घाई नाही.

रात्रपाळी:

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. एमबीबीएस पुण्यात केलं, आता दुसऱ्या शहरात काम करतो. तुमच्या यजमानांना मी तपासलेलं नाही, म्हणून निदान बरोबर की चूक यावर बोलणार नाही. पण तुम्ही विचारलेलं आमच्या खोलीच्या आतलं आहे, त्यावर लिहितो.

आधी गळ्याच्या पट्ट्याबद्दल. एमएनडी दाखवणारी एक अशी रक्ताची चाचणी नाही. तपासणी, ईएमजी आणि बाकीचे आजार नाहीत ना याची खात्री, असं जोडत जोडत निदानापर्यंत यावं लागतं. पहिल्या लक्षणापासून निदान व्हायला जगभर सरासरी वर्षभर जातं. मणक्याच्या उपचारात काही महिने गेलेले पेशंट सगळीकडेच दिसतात. दुसरं मत घेतलंत तर कुठल्याही शहाण्या डॉक्टरला राग येणार नाही.

आता सांगण्याबद्दल. मी शिकत होतो तेव्हा हे कुणी शिकवलं नाही. सीनियरच्या मागे उभं राहायचं आणि तो जे करतो ते उचलायचं. सीनियर चांगला असला तर आपलं नशीब. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' नावाचा भाग आला, वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा. त्यात वाईट बातमी कशी द्यावी हेही येतं. म्हणजे आज खुर्चीत बसलेल्या बहुतेक न्यूरॉलॉजिस्टनी तो घेतलेला नाही, त्यांचे इंटर्न घेऊन आलेत.

पद्धत आहे का, तर आहे. अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली, ती आता सगळीकडे शिकवतात. पहिली पायरी जागेची: दार बंद, फोन बंद, सगळे बसलेले. मग पेशंटलाच विचारायचं की तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं. मग विचारायचं की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, सगळं की थोडं, की आधी घरच्यांशी बोलू. हे झाल्यावरच निदान, साध्या शब्दांत, तुकड्यातुकड्यानं. मग त्याला जे काही होईल त्याला, रडण्याला, रागाला, जागा द्यायची. शेवटी पुढे काय करायचं ते. युरोपातल्या न्यूरॉलॉजिस्टच्या संघटनेने एएलएससाठी (एमएनडीचाच सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात या भेटीला ४५ ते ६० मिनिटं द्या, आणि दोन ते चार आठवड्यांत परत बोलवा, असं म्हटलंय, कारण पहिल्या दिवशी सांगितलेलं बरंचसं डोक्यात शिरतच नाही.

सोमवारच्या ओपीडीत एका पेशंटला ४५ मिनिटं दिली तर बाहेर हाणामारी होईल, हे मलाही मान्य. पण गर्दी आहे म्हणून कुणी वजनकाट्याची युक्ती करत नाही. गर्दीत सुद्धा दोन मिनिटांत पेशंटकडे बघून बोलता येतं. या आजारात देण्यासारखं आमच्या हातात कमी असतं आणि ते त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायला आम्ही बिचकतो. मुलाला इंग्रजीत सांगणं सोपं जातं. त्यात आपल्याकडे नातेवाईक आधीच दारात गाठून म्हणतात, "डॉक्टर, त्यांना काही बोलू नका हं." मग डॉक्टरला आयती पळवाट मिळते. तुमच्या बाबतीत तर कुणी तसं म्हटलंही नव्हतं.

"औषध नाही" हेही अर्धंच सांगितलंय. रिल्युझोल १९९५ पासून आहे, त्याने आयुष्य थोडं, काही महिन्यांनी, वाढतं. लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात. श्वासाचे स्नायू दमायला लागले की रात्री लावायचं बायपॅप मशीन अनेकांना रिल्युझोलपेक्षा जास्त उपयोगी पडतं. गिळायला त्रास व्हायला लागला तर पोटातून नळी घालण्याचा निर्णय असतो आणि तो फुप्फुसांची ताकद फार उतरायच्या आत घ्यावा लागतो.

माझ्या दृष्टीने यजमानांना सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. हे निर्णय त्यांचे आहेत, त्यांना वेळापत्रक आहे, आणि पुढे कधीतरी बोलणं आणि सही करणं दोन्ही अवघड होणार आहे. ज्याला आजाराचं नाव माहीत नाही त्याला व्हेंटिलेटर हवा का नको हे कसं विचारणार? भानावर असलेल्या सज्ञान माणसाच्या वतीने नातेवाइकांची संमती चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय. या आजारात बहुतेकांचं डोकं शाबूत असतं, म्हणजे त्यांना वगळायला सबबही नाही.

"दोन-तीन वर्षं" हा आकडा न विचारता द्यायला नको होता. सरासरी पहिल्या लक्षणापासून तीन ते पाच वर्षं धरतात, पण दहातला साधारण एक जण दहा वर्षांच्या पुढे जातो, आणि हातापासून सुरू झालेला आजार बोलण्या-गिळण्यापासून सुरू झालेल्यापेक्षा सहसा सावकाश जातो. एका माणसाचं त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

काय करा: गुरुवारच्या आधी फोन करून ओपीडीची शेवटची वेळ मागा. डॉक्टरांना चिठ्ठी द्या, चार ओळींची. "पेशंटला निदान तुमच्या तोंडून, मराठीत, त्यांच्यासमोर हवं आहे. आधी त्यांना किती जाणून घ्यायचंय ते कृपया विचारा. आम्ही दोघं सोबत असू." बस्स. राग मनात असू द्या, चिठ्ठीत नको. आणि तोपर्यंत यजमानांनी परत कागद मागितला तर द्या. त्यावर आजाराचं नाव छापलेलं असतं, पण मागून न मिळालेला कागद त्याहून जास्त बोलतो.

मोठी_सून:

मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या सासऱ्यांना ८१ व्या वर्षी मेंदूत गाठ निघाली. आम्ही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. रोज सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी बाल्कनीत बसून समोरच्या बांधकामावरच्या मुकादमाला शिव्या. एक दिवस आपणहून बँकेचं खातं सासूबाईंबरोबर जॉइंट करून घेतलं आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी लिहिला. म्हणजे कळलं होतंच ना! पण तोंडाने उच्चार नको होता त्यांना. डॉक्टरांनी समोर बसवून सहा पायऱ्या चढवल्या असत्या तर त्यांनी घरी येऊन आम्हालाच बोल लावला असता.

सगळ्यांना सगळं सांगायलाच पाहिजे हा हट्ट कशाला? पासबुकताई, तुमच्या दिरांचं अगदीच चुकीचं नाही. माणूस बघून ठरवा.

रात्रपाळी:

मोठी_सून, तुमच्या सासऱ्यांनी जाणून न घेणं निवडलं, आणि तेही पद्धतीत बसतं. म्हणूनच तिसरी पायरी विचारण्याची आहे. "नको" असं उत्तर आलं तर थांबायचं. माझा मुद्दा एवढाच की विचारायचं त्यालाच, दिराला नाही. इथला माणूस ५७ चा आहे, नोकरीत आहे आणि कागद कुठे गेला म्हणून विचारतोय.

थरथर:

मी पेशंट आहे. पार्किन्सन्स. माझा आजार तुमच्या यजमानांच्या आजारापेक्षा फार मवाळ, त्यावर लेव्होडोपासारखी चांगली गोळी आहे, तेव्हा दोन्ही एका मापाने मोजत नाही. पण खुर्चीच्या पेशंटच्या बाजूला बसलेला इथे मी एकटाच दिसतोय, म्हणून लिहितो. टायपिंग डाव्या हाताचं आहे, चुका सोडून द्या.

माझ्या डॉक्टरांनी मला आधी कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. मागून बघत होते. उजवा हात हलत नव्हता म्हणे, मला पत्ताच नव्हता. आत आल्यावर बायकोला म्हणाले, वहिनी, तुम्ही पण बसा, दोघांशी एकदमच बोलतो. मग मला विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? मी म्हणालो, सांधेदुखी, नाहीतर म्हातारपण. ते म्हणाले, दोन्ही नाही. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे मेंदू काढला (चित्रकला यथातथाच, बटाटा वाटत होता), त्यात एक काळा ठिपका काढला आणि म्हणाले, इथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, त्या कमी होतायत, याला पार्किन्सन्स म्हणतात. मग थांबले. खरंच थांबले, घड्याळाकडे न बघता. मी विचारलं, सही करता येईल ना? निवृत्त लिपिक, मला दुसरं काय सुचणार. म्हणाले, आज येते आहे ना? मग आज काळजी नको, उद्या अक्षर लहान व्हायला लागलं तर मला दाखवा. आणि अक्षर लहान होणं हे या आजाराचंच लक्षण असतं हेही सांगितलं.

त्यानंतर ते जे बोलले त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. बायकोने लिहून घेतलं होतं म्हणून बरं. तुम्हीही वही न्या, नाहीतर डॉक्टरांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा. निघताना त्यांनी आपल्या पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं नाव दिलं. मी आधी गेलो नाही, आजारी माणसांच्या घोळक्यात काय जायचं म्हणून. नंतर गेलो, आता सभा चुकवत नाही. एमएनडीवाल्यांचा असा गट कुठे आहे ते शोधा, नसेल तर डॉक्टरांनाच विचारा की तुमच्याकडचं दुसरं एखादं घर आमच्याशी बोलेल का.

आणखी एक. मला जर नंतर कळलं असतं की बायको आणि मुलगा महिनाभर आधीपासून जाणून होते, तर आजारापेक्षा त्याचा जास्त राग आला असता. "हे सगळे माझ्या मागे कुजबुजत होते" हे डोक्यातून जात नाही. माझ्या आईच्या वेळी आम्ही कुजबुजायचो, म्हणून सांगतो.

पासबुक:

सगळ्यांचे आभार. चिठ्ठी लिहिली. मुलाने इंग्रजीत करू का विचारलं, मी म्हटलं, नको.

दरम्यान दिरांनी एका क्लिनिकची जाहिरात पाठवली आहे. स्टेम सेल, पाठीच्या कण्यात इंजेक्शन, तीन बैठका, लाखांत पैसे. "निदान हे तरी करून बघू" म्हणतात. रात्रपाळी, यात काही अर्थ आहे का? उत्तर एका ओळीत दिलंत तरी चालेल, मी त्यांना तसंच फॉरवर्ड करेन.

रात्रपाळी:

एका ओळीत: पैसे देऊ नका. दुसरी ओळ फॉरवर्डसाठी: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा आजारांत स्टेम सेल फक्त मान्यता मिळालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये भाग घ्यायला पेशंटकडून पैसे घेत नाहीत. बिल मागणारा ट्रायल करत नसतो.

शनिवारपेठी:

ही ओळ मी पण सेव्ह करून ठेवतो.

पासबुक:

गुरुवारचं लिहिते, कारण विचारून गप्प बसणं बरं नाही.

फोनवर रिसेप्शनने शेवटची वेळ द्यायला नकार दिला. मग पोस्टात आरडीचे पैसे भरायला निघाले होते तशीच वाट वाकडी करून हॉस्पिटलमध्ये गेले आणि चिठ्ठी असिस्टंटच्या हातात दिली. दुपारी त्याचाच फोन आला, काकू, सगळ्यात शेवटी या, पण थांबावं लागेल. थांबलो.

डॉक्टर तेच, खोली तीच. चिठ्ठी टेबलावर पेपरवेटखाली होती. फोन त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. खुर्ची बाजूला घेऊन यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मागच्या वेळी आपलं बोलणं राहिलं. तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?" हे म्हणाले, "हाताची तार तुटलीय कुठेतरी, एवढं कळतंय. तुम्ही नाव सांगा." डॉक्टरांनी विचारलं, सगळं सांगू की बेताबेताने? हे म्हणाले, नाव सांगा, कसं होतं ते सांगा, पुढे काय काय बंद पडतं ते सांगा. पण किती वर्षं ते नको.

अगदी असंच म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा पहिल्यांदा. मी मान खाली घातली.

मग त्यांनी सांगितलं. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या पेशी हळूहळू जातात, का ते दर दहातल्या साधारण नऊ जणांमध्ये सापडत नाही, उरलेल्यांत घराण्यातून येतो. यांनी लगेच विचारलं, मुलाला होईल का? घरात आधी कुणाला नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, शक्यता फार कमी. मुलाच्या पाठीवर हात ठेवला यांनी, पण घरी आल्यावर त्याच्याशी बोलणं बंद. कागदावरून. मला वाटलं होतं निदानावरून कोसळतील, तर सगळा राग त्या कागदावर. थरथर काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच. रविवारी दोघं मिळून स्कूटर धूत होते, तेव्हा मिटलं असावं. मी विचारलं नाही.

यांनी डॉक्टरांना टूलरूमच्या थाटात बरेच प्रश्न विचारले. आधी उजवा, मग डावा, मग पाय, असाच क्रम असतो का? (ठरलेला नसतो.) व्यायामाने वाढतो का? (दमेपर्यंत करू नका, हलका चालेल.) श्वासाची ताकद कशी मोजतात? त्यावर डॉक्टरांनी तिथल्या तिथे चाचणी लिहून दिली, दर तीन महिन्यांनी करायची. बायपॅपचं नाव काढलं. नळीचं पुढच्या वेळी बोलू म्हणाले. पाऊण तास नाही, पण वीसेक मिनिटं दिली. निघताना यांनी औषधाचा तो कागद मागितला. डॉक्टरांकडे नव्हता. मी पर्समधून काढून दिला.

माझं एक मात्र राहिलंच आहे. यांनी वर्षं नको म्हटलं आणि ते आता मोकळेपणाने झोपतात. तो आकडा माझ्याकडे आणि मुलाकडे आहे, आणि आम्हाला तो हवा का असं कुणी विचारलंच नव्हतं. मोठी_सून, तुमचं म्हणणं मला तिथे पटलं, फक्त नको म्हणायची संधी आम्हालाही मिळायला हवी होती. हे डॉक्टरांना सांगणार आहे, पुढच्या वेळी. चिठ्ठीत नाही, तोंडाने. रात्रपाळी, तुम्ही सरासरीचं लिहिलंत ते मी परत परत वाचते, त्याचा उपयोग होतो.

आता यांचा प्रश्न, यांनीच लिहायला सांगितलाय. चमच्यांना आणि पेनाला जाड मुठी त्यांनी स्वतःच लेथवर करून आणल्यात, त्याची चिंता नाही. पण आवाज जायच्या आधी रेकॉर्ड करून ठेवतात आणि पुढे मशीन त्याच आवाजात बोलतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. हे मराठीत होतं का? पुण्यात कुणी स्पीच थेरपिस्टकडून करून घेतलंय का? किती वाक्यं बोलावी लागतात, स्टुडिओ लागतो की मोबाईल चालतो? आवाज अजून खणखणीत आहे, शेजारचे तक्रार करतात इतका, तेव्हा लवकर करायचं आहे. माहिती असेल तर इथेच लिहा, हेच वाचणार आहेत.